'वलंदेज'मधला 'व' कुठून आला?

प्रश्न असा होता : रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात, म्हणजे मराठेशाहीतल्या राज्यकारभारावरच्या ग्रंथात, फिरंगी, इंग्रज, वलंदेज, फरासीस (फ्रेंच), डिंगमार अशी टोपीकरांची, म्हणजे युरोपियनांची यादी येते. वलंदेज म्हणजे डच हे ठाऊक आहे, पण हॉलंडचं वलंदेज झालं कसं?

हॉलंडवरून ते थेट झालंच नाही, मध्ये पोर्तुगीज भाषा आहे. त्या भाषेत डच माणूस म्हणजे 'ओलांदेस'. लिहिताना आधी 'ह' लिहितात, पण तो उच्चारत नाहीत. आता हा शब्द कोकणातल्या एखाद्या बंदरावरच्या माणसाच्या तोंडी द्या. ओझं-वझं, ओळख-वळख, ओटी-वटी, तसंच ओलंदेस-वलंदेस. शेवटच्या 'स'चा 'ज' झाला, 'इंग्लेस'चा इंग्रज होताना झाला तसाच. 'रोज'मधला ज, 'जीव'मधला नव्हे. बंगाल्यांनी 'व' लावला नाही, ते ओलंदाज म्हणतात. डिंगमार हा मला बरीच वर्षं मारामारीतलाच शब्द वाटायचा. तो निघाला 'दिनामार्का', म्हणजे डेन्मार्क!

खरी गंमत 'फिरंगी'ची. इतरांची नावं पोर्तुगीजांच्या तोंडून समुद्रावाटे आली, पण खुद्द पोर्तुगीजांचं नाव आलं खुश्कीने. युरोपातल्या फ्रँक लोकांवरून अरबी-फारसीत 'फरंगी' रुळला होता. १४९८ मध्ये वास्को द गामा कालिकतला पोचला, त्याच्या कितीतरी आधी हे नाव पश्चिम आशियात चालू होतं.

अमात्यांनी या मंडळींना इतर सावकारांच्या, म्हणजे व्यापाऱ्यांच्या पंगतीला बसवलं नाही. यांचे खावंद, म्हणजे धनी, स्वतःच राज्य करतात, तेव्हा यांना जागेचा लोभ नाही असं कसं होईल, हा त्यांचा सवाल. म्हणून वखारीला जागा द्यायचीच झाली तर खाडीशेजारी, समुद्रकाठी देऊ नये, असं त्यांनी बजावलं. वेंगुर्ल्याची वखार पाहिली की यातली मेख कळते. विजापूरकरांच्या मुलखात १६३७ मध्ये वलंदेजांनी ती घातली. वखार व्यापाराची खरीच, पण पोर्तुगीजांचा गोवा तिथून जवळ, आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना तिचा आधार होता.

तिचे पडके अवशेष अजून आहेत. गावात विचारताना मात्र 'डच वखार' म्हणा, वलंदेजांची म्हणालात तर फारसं कुणाला कळायचं नाही. हा 'डच' आपल्याकडे इंग्रजीतून आला.