शब्दाच्या मुळावरून प्रश्नमंजूषेतलं उत्तर खरंच काढता येतं का?

स्पर्धा परीक्षेसाठी तुम्ही ग्रीक-लॅटिन धातूंची यादी पाठ करताय, पण ऐन वेळी काहीच आठवत नाही. तेव्हा याचा उपयोग होतो का, असं तुम्ही विचारलंय. होतो, आणि चांगलाच होतो. पण ती यादी आधी बाजूला ठेवा आणि तुम्हाला येत असलेल्या शब्दांपासून सुरुवात करा.

मला एकाच नियमाने सगळ्यात जास्त हात दिला. संस्कृत शब्दाच्या सुरुवातीला जिथे 'स' असतो, तिथे त्याच्या ग्रीक आणि फारसी भावंडांत बरेचदा 'ह' सापडतो. 'सप्त'चं फारसीत 'हफ्त'. त्यावरून आठवड्याला हफ्ता, आणि आपला कर्जाचा हप्ताही तोच. ग्रीकमध्ये 'हेप्टा'. स्वप्ना बर्मनने 2018 च्या आशियाई स्पर्धेत ज्यात सुवर्णपदक मिळवलं, त्या हेप्टॅथलॉनमध्ये प्रकार किती? सात. लॅटिनने मात्र 'स' राखला, म्हणून सप्टेंबर. जुन्या रोमन पंचांगात वर्ष मार्चला सुरू व्हायचं, तेव्हा तो सातवा महिना होता.

कॉलेजात एकदा 'हर्पेटॉलॉजी' म्हणजे कशाचा अभ्यास, असा प्रश्न आला. शब्द आम्ही कोणीच ऐकलेला नव्हता. माझा जोडीदार 'हर्पीस'मुळे त्वचारोगावर अडून बसला. मी 'ह'च्या जागी 'स' ठेवून पाहिला आणि 'सर्प' दिसला! उत्तर होतं सरपटणारे आणि उभयचर प्राणी. नंतर कळलं, की हर्पीस हा शब्दही सरपटण्यावरूनच आलाय. आणि त्याच कुळातल्या एका दुखण्याला मराठीत आपण नागीण म्हणतो. त्या दिवशी मला झालेला आनंद अजून आठवतो.

फसायच्या जागाही आहेत. ग्रीक 'हेलिओस' हा आपल्या सूर्याचाच भाऊ, आणि हेलियमची खूण 1868 मध्ये आधी सूर्यप्रकाशातच सापडली. पण हेलिकॉप्टरमधला 'हेलि' सूर्याचा नाही, तो मळसूत्रासारख्या पिळाचा. होमोजीनिअसमधला 'होमो' म्हणजे ग्रीक 'सम', तर होमो सेपियन्समधला लॅटिन, म्हणजे माणूस. शिवाय नाव ठेवणाराच चुकलेला असू शकतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिएला वाटलं, की प्रत्येक आम्लात ऑक्सिजन असतोच, म्हणून त्याने ऑक्सिजनला 'आम्ल घडवणारा' या अर्थाचं नाव दिलं. हायड्रोक्लोरिक आम्लाच्या रेणूत ऑक्सिजन नाही.

तुमच्या परीक्षेला तर ग्रीकपेक्षा फारसी जास्त कामाची. अष्टप्रधानांपैकी महाराजांच्या रोजच्या घडामोडींची नोंद कोण ठेवी? पर्याय अमात्य, सचिव, मंत्री, सुमंत असे असले, की बहुतेक जण सचिवावर खूण करतात, कारण आज सचिव म्हटलं की कागदपत्रं डोळ्यांसमोर येतात. पण ही संस्कृत नावं राज्याभिषेकाच्या सुमारास रूढ झाली. त्याआधी ही पदं फारसी नावांनी ओळखली जात. सचिव म्हणजे सुरनीस, अमात्य म्हणजे मुजुमदार, सुमंत म्हणजे डबीर आणि मंत्री म्हणजे वाकनीस, अर्थात वाकनवीस. 'नवीस' म्हणजे लिहिणारा. आपल्या चिटणीसांतला 'नीस' तोच. आणि 'वाका' म्हणजे घडलेली गोष्ट. घडलेलं लिहून ठेवणारा तो वाकनवीस, म्हणून उत्तर मंत्री.