एचपीव्ही-१६चे व्हेरियंट शोधायचे तर आधी जागा ठरवा, मशीन नंतर

तुमचा प्रश्न असा: गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे एचपीव्ही-१६ (हा कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूचा एक टाइप) पॉझिटिव्ह नमुने आहेत, थोडे ताजे, बरेचसे पॅराफिन ब्लॉक (फॉर्मॅलिनमध्ये टिकवून मेणात बसवलेले). जीपी५+/६+ या प्रायमर-जोडीने पीसीआरमध्ये (डीएनएच्या प्रती वाढवण्याच्या पद्धतीत) मिळालेला बँड सिक्वेन्सिंगला पाठवला तर व्हेरियंट, म्हणजे त्याच टाइपचा थोडा बदललेला विषाणू, कळेल का, की एनजीएसच (एका वेळी असंख्य तुकडे वाचणारं सिक्वेन्सिंग) करावं लागेल?

त्या बँडवरून टाइप कळेल. व्हेरियंट जवळजवळ नाहीच. हे प्रायमर एल१ जनुकाच्या फारसा न बदलणाऱ्या भागावर बसतात, आणि हाती येणारा तुकडा जेमतेम दीडशे बेसचा. लिनिएज (व्हेरियंटचा मोठा गट: ए, बी, सी, डी) ठरतं ते पूर्ण जीनोममधल्या साधारण १ ते १० टक्के फरकावरून, सबलिनिएज (त्यातला उपगट, जसे डी२, डी३) तर अर्धा ते १ टक्का फरकावरून. ७,९०६ बेसच्या जीनोममध्ये एवढासा फरक पकडायचा तर ई६ हे जनुक वाचा, आणि जमलं तर एलसीआर हा जनुकांचं नियंत्रण करणारा भागही. ई२ या जनुकावर प्रायमर ठेवू नका. विषाणूचा डीएनए गुणसूत्रात शिरतो तेव्हा बऱ्याचदा ई२मध्येच तुटतो, आणि मग चांगला नमुनाही निगेटिव्ह येतो.

ई६मध्ये सगळ्यांची नजर जीनोममधल्या ३५०व्या बेसवर असते, रेफरन्समधल्या टीऐवजी जी. पण हा बदल ए लिनिएजमध्येही सापडतो आणि डीमध्येही, त्यामुळे तेवढ्यावरून लिनिएज लिहू नका. १४५ला टी, २८६ला ए, २८९ला जी, ३३५ला टी हा संच बी, सी, डी तिन्हींत असतो. त्याच्या जोडीला ३५०जी दिसला तर डी, १४३जी दिसला तर बी किंवा सी. डी२, डी३चा अडिनोकार्सिनोमाशी (ग्रंथीच्या पेशींतल्या कॅन्सरशी) संबंध मोठ्या अभ्यासांत दिसला आहे, म्हणून इथली गल्लत महागात पडते. आणखी एक: ३५०चाच बदल काही पेपरांत एल८३व्ही (प्रथिनात ८३व्या जागी ल्युसिनऐवजी व्हॅलिन), तर काहींत एल९०व्ही लिहिलेला दिसेल. मोजणी १०४व्या बेसवरच्या एटीजीपासून (प्रथिन जिथून सुरू होतं त्या खुणेपासून) केली की ८३, ८३व्या बेसवरच्या एटीजीपासून केली की ९०. तुमच्या प्रबंधात रेफरन्स सिक्वेन्स आणि मोजणीची सुरुवात दोन्ही स्पष्ट लिहा.

खरी अडचण ब्लॉकची आहे. फॉर्मॅलिनमुळे डीएनएचे तुकडे होतात, त्यामुळे पूर्ण ई६ एका पीसीआरमध्ये बहुधा निघणार नाही. एकमेकांवर चढणारे १२०-१५० बेसचे तुकडे घ्या. शिवाय फॉर्मॅलिनमुळे सायटोसिनचं डीअमिनेशन होतं आणि सीच्या जागी खोटा टी वाचला जातो. आता ३३५चा बदल बघा, तो सीचा टीच आहे! ब्लॉकमध्ये एकटा ३३५टी मिळाला आणि १४५, २८६, २८९ रेफरन्ससारखेच असले, तर त्यावर विश्वास ठेवू नका. डीएनएला आधी युरॅसिल ग्लायकोसायलेज (असे बिघडलेले सायटोसिन काढून टाकणारं एन्झाइम) द्या आणि त्याच डीएनएवर दुसरा, स्वतंत्र पीसीआर लावून पुन्हा वाचा.

सँगर (एकेक तुकडा वाचणारं नेहमीचं सिक्वेन्सिंग) दोन्ही बाजूंनी करा आणि क्रोमॅटोग्राम (त्यातून येणारा पीकचा आलेख) स्वतः उघडून बघा. सॉफ्टवेअर मोठा पीक निवडतं आणि खालचा छोटा गाळतं, तिथेच मिश्र संसर्ग हातचा निसटतो. पंधरा-वीस टक्क्यांखालचा व्हेरियंट सँगरला तसाही दिसत नाही. तुकड्यांत वाचताना १४५ आणि ३५० एकाच रेणूवर आहेत का, हेही कळत नाही. असा संशय आला की ताज्या नमुन्यातला पूर्ण ई६ क्लोन करा (एकेक रेणू वेगळा वाढवून वाचा), किंवा मोजकेच नमुने एनजीएसला पाठवा. सगळे पाठवायची गरज मला दिसत नाही. फक्त ३५०चाच प्रश्न असेल आणि नमुने भरपूर असतील, तर दोन रंगांच्या प्रोबचा रिअल-टाइम पीसीआर स्वस्तात काम करतो.

कंट्रोल म्हणून सिहा ही प्रयोगशाळेतली कॅन्सर पेशींची लाइन वापरा. तिच्या पेशीत एचपीव्ही-१६च्या एक-दोनच प्रती असतात, त्यामुळे पद्धत किती संवेदनशील आहे ते कळतं. कास्की या दुसऱ्या लाइनच्या पेशीत सुमारे ६०० असतात, तिचा डीएनए प्रायमरच्या खोलीत आणूच नका. बीटा-ग्लोबिन या मानवी जनुकाचा पीसीआर प्रत्येक नमुन्यावर हवाच. तो नाही आला तर एचपीव्हीचा निगेटिव्ह निकाल निरर्थक.

व्हेरियंट रुग्णाला कळवायचा का, असंही तुम्ही विचारलंत. माझं मत, नाही. त्यावरून उपचार बदलत नाहीत आणि त्या बाईच्या जिवाला उगाच घोर लागतो. उस्मानाबाद जिल्ह्यातल्या १,३०,०००हून अधिक बायकांवरच्या तुलनात्मक अभ्यासाचा निकाल २००९मध्ये आला. तिथल्या एका गटात वापरलेली हायब्रिड कॅप्चर ही एचपीव्ही तपासणीची पद्धत १३ टाइप एकत्रच धरते, कुठला टाइप तेही सांगत नाही. तरी एकदाच केलेल्या त्या तपासणीने मृत्यू कमी झाले. व्हेरियंटचं काम संशोधनासाठी मोलाचं आहे, ते तिथेच राहू द्या.

पहिल्या चार-पाच नमुन्यांचे २८०पासून ३६०पर्यंतचे क्रोमॅटोग्राम इथे टाका. रुग्णाचं नाव आणि ब्लॉक नंबर झाकून. मी बघून सांगतो.