लाइव्ह वर्शिप अल्बममधली (लोकांसमोर गाऊन रेकॉर्ड केलेली ख्रिस्ती उपासनेची) गाणी आमच्या बेळगावच्या चर्चच्या मंडळीला गाताना झेपत नाहीत, आवाज फाटतो. काय करावं?

आधी पट्टी उतरवा. अल्बममध्ये ती मुख्य गायकाच्या गळ्यासाठी निवडलेली असते, बाकांवरच्या आजी-काकांसाठी नाही. सगळ्यात उंच स्वर पांढरी दोनच्या (पेटीवरच्या D च्या) वर जाऊ देऊ नका. गिटारवाल्याने कॅपो (तारा दाबून धरणारा चिमटा) लावला असेल तर तो गिटारच्या डोक्याकडे सरकवायला सांगा, नाहीतर खालच्या पट्टीचे कॉर्ड वाजवायला सांगा; कॅपो नुसता लावला तर पट्टी चढते.

दुसरं, 'लाइव्ह' म्हणजे सगळं त्याच रात्रीचं असं नसतं. लोकांचा आवाज वेगळ्या माइकवर घेतात आणि गायकांच्या ओळी पुष्कळदा नंतर स्टुडिओत पुन्हा गातात. तो भरीवपणा रविवारी मिळाला नाही म्हणून खचू नका.

आणि खरं सांगू? मराठी ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळकांची भजनं पेटी-तबल्यावर धरा. खानापूर-निपाणीकडे भजनी ठेका सगळ्यांच्या अंगात आहे, तिथे मंडळी आपोआप गाते. एक नवं गाणं, मग एक भजन, असं करून बघा.