गाठ दुखत नाही, म्हणून आई डॉक्टरांकडे जात नाही

“मी आईला स्वतःची छाती तपासायला शिकवलं. आता तिला गाठ लागलीय आणि ती डॉक्टरांकडे जायचं नाव काढत नाही. शिकवलंच नसतं तर बरं झालं असतं का?”

हा प्रश्न घेऊन माझ्याकडे आलेली मुलगी २० वर्षांची, आई ४८ची. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) कॉलेजच्या शिबिरात शिकलेली तपासणी मुलीने घरी दाखवली, तेव्हा आईने “नसती खुळं” म्हणून विषय मोडला. दोन महिन्यांनी तीच सहज म्हणाली, “डाव्या बाजूला काहीतरी लागतं. पण दुखत नाही गं.” तेव्हापासून मुलगी रोज आईच्या मागे लागली होती, आणि स्वतःची छातीही दिवसातून चार-पाच वेळा दाबून पाहत होती.

शिकवल्यामुळे गाठ आली नाही, ती फक्त कळली. एवढं ऐकून मुलीचा अपराधीपणा थोडा ओसरला. खरी अडचण होती ‘दुखत नाही’ या दोन शब्दांत. स्तनातल्या बहुतेक गाठी कर्करोगाच्या नसतात हे खरं. पण कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखत नाही, आणि पाळीच्या आधी दुखणारा गाठाळपणा अनेकदा निव्वळ हार्मोन्समुळे असतो. म्हणजे न दुखणं हा दिलासा नव्हे. या वयात पाण्याच्या गाठीही खूप आढळतात, पण कोणती गाठ कसली हे बोटांना कळत नाही. डॉक्टरांच्याही नाही.

मग आईला काय शिकवलं होतं, ते मुलीला करून दाखवायला सांगितलं. ती अंगठा आणि बोटाच्या चिमटीत स्तन धरत होती. चिमटीत धरलं की निरोगी स्तनही गाठीसारखाच लागतो. निम्मी घबराट इथूनच सुरू होते. मधल्या तीन बोटांची टोकं नव्हे, पेरं सपाट ठेवायची. उताणं झोपून उजव्या खांद्याखाली उशी, उजवा हात डोक्यामागे, आणि डाव्या हाताने उजवा स्तन तपासायचा. त्याच जागी आधी हलका, मग मध्यम, मग बरगडी जाणवेल इतका दाब देत लहान गोल फिरवायचे. गळ्याच्या हाडापासून स्तनाच्या खालच्या घडीपर्यंत आणि काखेपासून छातीच्या मधल्या हाडापर्यंत उभ्या पट्ट्यांनी जायचं. काख विसरायची नाही. स्तनाचा वरचा बाहेरचा भाग मुळातच जास्त भरीव लागतो, खालच्या कडेला आडवा कठीण उंचवटा असतो. ते गाठ समजू नये. दुसरी बाजूही तशीच लागते का, हे आधी पाहावं. आरशासमोर हात खाली, हात वर आणि कमरेवर हात घट्ट दाबून, असं तीनदा बघायचं. कमरेवर दाबल्यावर छातीचे स्नायू आवळले जातात आणि कातडीला पडलेली खळी तेव्हाच उठून दिसते.

हे महिन्यातून एकदा, पाळी संपल्यावर तीन ते पाच दिवसांनी. दिवसातून चार वेळा दाबलं तर स्तन दुखू लागतो आणि रोज नवी गाठ ‘सापडते’.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. शांघायच्या कापड गिरण्यांतल्या सुमारे २,६६,००० कामगार स्त्रियांवर मोठा अभ्यास झाला. त्याचे अंतिम निष्कर्ष २००२ साली आले. तपासणी नीट शिकवलेल्या गटात या कर्करोगाचे मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून केलेल्या तपासण्या) मात्र वाढल्या. म्हणून ही तपासणी मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनाच्या एक्स-रेची, जागा घेत नाही. आपला स्तन एरवी कसा असतो हे माहीत असावं आणि बदल दिसला की दाखवायला जावं, एवढाच तिचा उपयोग. न जाणाऱ्या आईला ती शिकवून काही साधत नाही.

मुलीने आईला व्हिडिओ पाठवले होते, वडिलांसमोर विषय काढला होता, “काही झालं तर?” म्हणून रडलीही होती. आई आणखी मिटली. मुलीला एकच प्रश्न एकांतात विचारायला सांगितला: “आई, तिथे जायचं म्हटलं की तुला सगळ्यात जास्त कशाची भीती वाटते?” पुढच्या वेळी दोघी एकत्र आल्या. आईला कर्करोगापेक्षा परक्या पुरुषासमोर कपडे काढण्याची धास्ती होती, आणि सुई टोचली की रोग पसरतो असं तिने ऐकलं होतं. पहिल्यावर उपाय सोपा: वेळ घेतानाच स्त्री डॉक्टर मागायची आणि मुलीने आत थांबायचं की बाहेर, हे आईने ठरवायचं. सुईच्या तपासणीने कर्करोग शरीरभर पसरत नाही. उलट तिच्याशिवाय निदान पक्कं होत नाही आणि वेळ जातो. “आमच्या घराण्यात कुणाला नाही,” हेही आई म्हणाली. हा रोग होणाऱ्या बहुतेक स्त्रियांच्या घरात आधी कुणाला झालेला नसतो.

‘पुढची पाळी होऊ दे’ ही सवलत दिली नाही. त्याच आठवड्यातली वेळ घेतली. हाताने तपासणी, मॅमोग्राफी, सोनोग्राफी झाली. पाण्याची गाठ निघाली, सुईने पाणी काढल्यावर बसली. पुढे कधी यायचं ते डॉक्टरांनी लिहून दिलं. त्यानंतर मुलीने “तपासलंस का?” हा पाठपुरावा बंद केला, आणि आईची छाती स्वतः तपासण्याचा आग्रहही सोडला.

शेवटच्या भेटीत आईने स्वतःच्या बहिणीबद्दल विचारलं. तिची पाळी थांबलेली, मग दिवस कोणता? महिन्याची कोणतीही एक ठरलेली तारीख. पण बोलता बोलता कळलं की बहिणीचं एक स्तनाग्र काही महिन्यांपासून आत ओढलं गेलंय, गाठ मात्र लागत नाही. तिने तारखेची वाट पाहायची नाही. नव्याने आत गेलेलं स्तनाग्र, आपोआप येणारा रक्ताळ स्राव, संत्र्याच्या सालीसारखी झालेली कातडी, न भरणारी खपली, यांतलं काहीही असेल तर गाठ नसली तरी लगेच दाखवायचं.