झाइटवर्क आणि बूटस्नॅपचं जमत नसेल तर

रेल्स (रुबी भाषेतलं वेब फ्रेमवर्क) 6 वर आल्यावर क्लास सापडत नाही म्हणून जागोजागी रिक्वायर (फाइल हाताने लोड करायची ओळ) टाकत सुटू नकोस, दुखणं तसंच राहतं. आधी बूटस्नॅपचं (कॅश ठेवून अॅप लवकर सुरू करणारी लायब्ररी) व्हर्जन बघ: झाइटवर्कसोबत (फाइलच्या नावावरून क्लास आपोआप लोड करणारा रेल्सचा लोडर) किमान 1.4.2 लागतं, रुबी 2.5 असेल तर 1.4.4, कारण त्या रुबीतल्या बगमुळे बूटस्नॅपला कंपाइल झालेल्या कोडचा कॅश बंद ठेवावा लागतो. मग स्प्रिंग (अॅप बॅकग्राउंडला चालू ठेवणारं टूल) थांबव, टेम्प फोल्डरमधला कॅश उडव.

तरीही अडलं? बूट फाइलमधली बूटस्नॅपची ओळ कॉमेंट करून चालव. एरर तोच आला तर बूटस्नॅप निर्दोष आहे, झाइटवर्कची चेक कमांड चालव. बहुतेकदा नावाचाच घोळ निघतो: फाइल 'एचटीएमएल_पार्सर', क्लासमध्ये मात्र एचटीएमएलची चारही अक्षरं कॅपिटल. झाइटवर्क फक्त पहिलं कॅपिटल धरतं. इन्फ्लेक्शन्समध्ये (नावांचे नियम ठेवणारी फाइल) एचटीएमएल हा अ‍ॅक्रोनिम नोंदव.