मुलं लहान आहेत (4 आणि 7 वर्षं), घरातल्या टाकाऊ वस्तूंपासून त्यांच्यासोबत सोपं असं काय काय बनवता येईल? विकतचं क्राफ्ट किट नको आहे, आणि रंग कुठले वापरायचे?

किट नकोच. हजारभर रुपये घालून जे येतं ते अर्ध्या तासात संपतं आणि वर थर्माकोलचा कचरा उरतो तो वेगळाच.

एक गोष्ट आधी सांगते, बाकीचं त्यावरच आहे. बनवलेल्या वस्तूशी मुलाला नंतर खेळता आलं पाहिजे, नाहीतर करू नका. शाळेतल्या टाकाऊतून टिकाऊ टाइप प्रोजेक्टमध्ये काय होतं, बाटलीला ऑइल पेंट फासतात, त्यावर ग्लिटर, हॉट ग्लूने लेस, आणि हे सगळं आई करते, मूल नुसतं बघतं. साधी बाटली निदान भंगारवाला तरी घेऊन गेला असता, रंग आणि लेस लावलेली तो हातात पण धरत नाही. म्हणजे कचरा कमी झाला नाही, फक्त शोकेसमध्ये जाऊन बसला.

तुमच्या 4 वर्षांच्या पिल्लूसाठी सगळ्यात भारी म्हणजे स्ट्रॉची पिपाणी. नारळपाण्यासोबत मिळते ती कागदी स्ट्रॉ घ्या, एक टोक दोनेक सेंटीमीटर चपटं दाबा, त्याचे दोन्ही कोपरे कात्रीने तिरके कापा म्हणजे चोचीसारखं होतं, मग ते टोक ओठांच्या आत घेऊन जोरात फुंकायचं. पहिल्यांदा नुसती हवा जाते, चोच अजून थोडी दाबली की एकदम भसाडा आवाज येतो आणि पोरं खिदळायला लागतात. आता मोठ्या मुलाला फुंकत राहायला सांगा आणि तुम्ही दुसऱ्या टोकाकडून थोडी थोडी स्ट्रॉ कापत जा, नळी जशी आखूड होते तसा आवाज बारीक, टिपेचा होत जातो. ध्वनीचा धडा शाळेत यायच्या कितीतरी आधी कळून जातो हो. थुंकीने कागद मऊ पडतो तेव्हा नवीन स्ट्रॉ घ्यायची, बस. (शेजारी दुपारी झोपत असतील तर त्यांची आधीच माफी मागून ठेवा.)

अशा खेळण्यांचा खजिना हवा असेल तर अरविंद गुप्तांची वेबसाइट बघा, फुकट आहे. आयआयटी कानपूरचे इंजिनिअर, पुण्यात आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात, मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, बरीच वर्षं होते, 2018 साली पद्मश्री मिळाली. मराठी पुस्तकं पण आहेत तिथे. 7 वर्षांच्या मुलाला त्यांचं काड्यांचं काम नक्की आवडेल. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी मिळते, तिचे दीड सेंटीमीटरचे तुकडे करायचे, काड्यापेटीतल्या काड्यांचं गुल आधी तुम्ही स्वतः खरवडून काढा, आणि नळीच्या दोन्ही बाजूंनी एकेक काडी खुपसायची. तीन काड्यांचा त्रिकोण केला तर दाबून पण हलत नाही, चार काड्यांचा चौकोन लगेच कलंडतो. पुलाला, टॉवरला त्रिकोण का असतात हे मग सांगावं लागत नाही, मूलच रस्त्यातून जाताना दाखवायला लागतं.

चिकटवायला फेविकॉलचा डबा नको, खळ करा. वाटीभर मैदा आधी थंड पाण्यात कालवायचा म्हणजे गुठळ्या होत नाहीत, मग चारेक वाट्या पाणी घालून मंद आचेवर ढवळत राहायचं, चकाकी आली की गॅस बंद. जुने लोक टिकावी म्हणून त्यात मोरचूद टाकायचे, ते मुलांच्या हातात अजिबात द्यायचं नाही, विषारी असतं. बिनमोरचुदाची खळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते, आंबट वास आला की फेकून द्या.

उन्हाळ्याची सुट्टी असेल तर कागदाच्या लगद्याची टोपली करा, आजीला विचारा, तिला बहुतेक येत असेल. रद्दी फाडून रात्रभर भिजत घालायची, मेथीदाणे वेगळे भिजवून वाटायचे, दोन्ही एकत्र मळायचं, मेथीचा बुळबुळीतपणाच कागदाला धरून ठेवतो. पालथ्या वाटीला तेलाचा हात लावून त्यावर भाकरीएवढा जाड थर थापायचा आणि कडक उन्हात वाळवायचं. थापण्यात दुपार जाते, मुलांना त्यातच खरी मजा येते. पुढे कंचे, बटणं, काय वाट्टेल ते ठेवा. मेथीचा वास मात्र बरेच दिवस येत राहतो आणि पावसाळ्यात हे करायला जाऊ नका, बुरशी येते.

मोडकी खेळणी स्क्रू ड्रायव्हर देऊन खोलायला द्या पण आतले नाण्यासारखे चपटे सेल तुम्ही आधीच काढून घ्या. ते गिळले तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते, गंमत नाहीये. प्लगवर चालणारं काही खोलायला देऊ नका.

आता रंग. बिटाचं पाणी आणि हळद पुरते. हळदीचा तर खेळच होतो, हळद पाण्यात कालवून साध्या कागदावर फासा, वाळू द्या, मग कापसाची काडी साबणाच्या किंवा खायच्या सोड्याच्या पाण्यात बुडवून त्यावर लिहायला सांगा, अक्षरं लालसर उमटतात. वरून लिंबू लावलं की परत पिवळं. कपड्यांना हळद लागणारच, धुवून उन्हात घाला, बऱ्यापैकी उडते. चित्र पण त्यामुळेच खिडकीपाशी लावू नका, तेही उडतं.