तारेवरची कसरत: उसना टोन

गेल्या अंकात मी जाता जाता लिहिलं होतं की दुसऱ्याचा प्रीसेट (इफेक्टचं साठवून ठेवलेलं तयार सेटिंग) म्हणजे उसना सदरा, अंगात जातो पण बाह्या लांब होतात. त्या एका वाक्यावर एवढी पत्रं आली की तबला आणि हार्मोनियमवाल्यांनी या महिन्यापुरतं मला माफ करावं. हा अंक पेडलवाल्यांचा, म्हणजे वाद्याचा आवाज बदलणारी खोकी वापरणाऱ्यांचा.

प्रश्न: काका, मी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. टोनप्रिंट असलेलं कोरस पेडल (सूर किंचित हलवून मूळ सुरात मिसळणारं) सेकंडहँड घेतलं. माझ्या आवडत्या वादकाने स्वतः बनवलेला टोन फोनवरून त्यात टाकला, पण आवाज त्याच्यासारखा येत नाही. पातळ येतो आणि डुगडुगतो. पेडल खराब आहे का?
– एक विद्यार्थी, नाशिक

पेडल ठणठणीत दिसतंय. तुझी अपेक्षा थोडी दुरुस्तीला आली आहे, ती करू.

आधी फोनमधून पेडलमध्ये गेलं काय, ते समजून घे. टीसी इलेक्ट्रॉनिक ही डेन्मार्कची कंपनी. टोनप्रिंटची, म्हणजे तयार टोन फोनवरून पेडलमध्ये टाकायची युक्ती तिने २०११ मध्ये आणली. फोनचा स्पीकर गिटारच्या तारांखालच्या पिकअपजवळ धरला की तो क्षणभर चिरचिरतो. स्पीकरमध्ये तारेचं वेटोळं आणि चुंबक असतं, पिकअपमध्येही तेच, त्यामुळे ती चिरचिर पिकअप उचलतो आणि केबलमधून पेडलपर्यंत पोहोचवतो. जुन्या मोडेममधून इंटरनेट यायचं त्याच जातीचा हा प्रकार. (म्हणून तर टोन पाठवताना गिटारचा व्हॉल्यूम पूर्ण उघडा ठेवायचा. अर्धे लोक हे विसरतात आणि पेडलला शिव्या देतात.) पण त्या चिरचिरीत त्या वादकाचा आवाज नसतो, नुसते आकडे असतात: लहरीचा वेग किती, तिची खोली (डेप्थ) किती, मूळ सुरात मिसळायचं किती. पुरणपोळीची कृती पोस्टाने आली म्हणून पुरण शिजत नाही.

आता डुगडुगण्याचं कारण. पत्रात तू एकच अँप वापरतोस असं लिहिलंयस, आणि माझा पहिला संशय तिथेच आहे. कोरसचे बरेचसे टोन दोन अँपवर, म्हणजे स्टिरिओत ऐकून बसवलेले असतात. तिथे हललेला सूर डाव्या-उजव्या बाजूंना पसरतो, आणि खोली रुंद झाल्यासारखी वाटते. तेच सगळं एका अँपच्या एका स्पीकरमधून काढलं की रुंदी जाते, हलणं तेवढं उरतं. डेप्थ निम्म्यावर आण, इफेक्टची पातळी उतरव आणि पुन्हा ऐक. निम्मी तक्रार तिथेच मिटेल.

पातळपणा वेगळा. तू रात्री आईबाबा झोपल्यावर वाजवतोस, हे तूच लिहिलंयस. हळू आवाजात आपल्या कानाला खर्ज कमी ऐकू येतो. बेल लॅबच्या फ्लेचर आणि मन्सन यांनी हे १९३३ मध्येच मोजून ठेवलंय. स्टेजवर दणदणीत आवाजात भरदार लागणारा टोन तुझ्या खोलीत उपाशी वाटणारच. म्हणून रात्रीचा टोन वेगळा ठेव आणि कार्यक्रमाचा वेगळा.

खरी गंमत अजून पुढेच आहे. कॉम्प्युटरवर टोनप्रिंटचा एडिटर उतरवून घे. नुसते आकडे बदलता येतात म्हणून सांगत नाही. पेडलवरच्या एका नॉबने आत काय काय हलवायचं, तेही तिथे ठरवता येतं. उदाहरणार्थ, डेप्थचा नॉब वाढवला की वेग आपोआप थोडा उतरेल, असं बांधून ठेव. मग नॉब कुठेही नेला तरी आवाज बिघडत नाही. माझ्या मते चांगला टोन बनवणारा इथे ओळखू येतो. एकाच जागी गोड लागणारा टोन कोणीही बनवेल, नॉब फिरवल्यावरही गोड राहणारा बनवायला महिना जातो.

प्रश्न: मी बेस वाजवते. लाइन सिक्सचं एचएक्स स्टॉम्प, म्हणजे अनेक इफेक्ट एकत्र असलेलं छोटं पेडल, घेतलंय. नेटवरून बेस डिस्टॉर्शनचे प्रीसेट उतरवते, घरी हेडफोनवर जबरदस्त वाटतात. बँडसोबत वाजवलं की बेस गायब! ड्रमर म्हणतो, तू वाजवतेयस की नाही तेच कळत नाही. काही प्रीसेट तर उघडतच नाहीत.
– एक बेसिस्ट, कोल्हापूर

ताई, शेवटचं आधी सांगतो. न उघडणारे प्रीसेट बहुधा लाइन सिक्सच्याच मोठ्या हेलिक्स यंत्रावर बनवलेले आहेत. त्याच्या पोटात जितके ब्लॉक (एकेक इफेक्ट) मावतात तितके तुमच्या छोट्या खोक्यात मावत नाहीत. शेअर करणाऱ्याने कोणत्या यंत्रावर बनवलंय हे लिहायला हवं होतं. लिहीत नाहीत. असो.

बेस गायब होण्याचा रोग मात्र जुना आहे. मी पंचवीस वर्षं ऑर्केस्ट्रात बेस वाजवला, त्यातली पहिली पाच याच रोगात काढली. बेसची सर्वांत जाड, ई ची तार सेकंदाला साधारण ४१ वेळा कंप पावते, म्हणजे गिटारच्या जाड तारेच्या निम्म्याने. डिस्टॉर्शन त्या मूळ सुरावर वरचे सूर चढवत जातं. हेडफोनवर एकटं ऐकताना ते करकरीत, दाणेदार लागतं. बँडमध्ये तेच वरचे सूर गिटारच्या आणि झांजांच्या गर्दीत मिसळून जातात, आणि खालचा पाया तर डिस्टॉर्शनने आधीच चेपलेला असतो. मग ड्रमरला ऐकू काय येणार?

उपाय तुमच्या पेडलमध्येच आहे. सिग्नलला दोन वाटा फोडा आणि स्प्लिटचा प्रकार 'क्रॉसओव्हर' निवडा. फाटा साधारण २०० ते २५० हर्ट्झवर ठेवा, म्हणजे त्याखालचे सूर एका वाटेने आणि वरचे दुसऱ्या वाटेने जातील. खालच्या वाटेवर फक्त कॉम्प्रेसर (आवाजातले चढउतार कमी करणारा), दुसरं काही नको. डिस्टॉर्शन, कोरस, जे काही नखरे करायचे ते वरच्या वाटेवर. मग वरची वाट पूर्ण बंद करून ड्रमरसोबत वाजवा आणि पाया ऐकू येतोय याची खात्री झाली की ती हळूहळू उघडा. आपण उलटं करतो, नखऱ्यापासून सुरुवात करतो. दोन वाटा एकत्र आल्यावर आवाज वाढण्याऐवजी पोकळ झाला, तर एका वाटेची फेज, म्हणजे लहरीची वर-खाली दिशा, उलटी करून पाहा. कान लगेच सांगतो.

आणि हेडफोनवर प्रीसेट बनवणं थांबवा. निदान शेवटचा हात तरी तालमीच्या जागी, उभं राहून, ड्रम चालू असताना फिरवा.

प्रश्न: अठरा वर्षं बेंजो वाजवतोय. जुन्या मल्टिइफेक्टमध्ये डिस्टॉर्शन, ऑक्टेव्ह (एका सप्तकाचा सूर जोडणारा), डिले (प्रतिध्वनी) जुळवून एक सेटिंग बसवलंय. लांबून आवाज आला की लोक म्हणतात, आमचीच पार्टी आली. आता दुसऱ्या पार्टीची पोरं ते सेटिंग मागतात. द्यायचं का? आणि मशीनला यूएसबी नाही. उद्या ते मेलं तर सेटिंगही मेलं का?
– एक बेंजोवादक, लालबाग

दादा, तुमचं पत्र वाचून कान टवकारले. गिटारच्या पेडलचा सगळ्यांत धीट वापर आपल्याकडे कोणी केला असेल तर तो बेंजो पार्ट्यांनी, असं माझं जुनं मत आहे. टाइपरायटरसारखी बटणं, तारा, त्यावर बसवलेला पिकअप, आणि समोर ढोल-ताशा. त्यातून सूर वर काढायचा म्हणजे खायचं काम नाही.

आधी मशीनचं बघू. नव्वदच्या दशकातल्या बऱ्याच यंत्रांत सेटिंग लक्षात ठेवायला आत एक बटण-सेल असतो. तो संपला की सगळं पुसलं जातं. माझं पुसलं गेलंय. गणपतीतला कार्यक्रम, पडदा उघडायला दोन तास, यंत्र लावलं तर प्रत्येक पॅच, म्हणजे साठवलेलं सेटिंग, कारखान्यातून आला तसा कोरा. मी जमिनीवर मांडी घालून आठवेल तसं परत बांधलं, आणि त्या रात्री एका लावणीला बेस असा काही वाजला की निवेदकाने माझ्याकडे वळून पाहिलं. दुसऱ्या दिवशी दोनशे पानी वही घेतली. ती अजून आहे.

वहीत काय लिहायचं ते सांगतो. इफेक्टचा क्रम, कारण डिलेच्या आधी डिस्टॉर्शन आणि डिलेनंतर डिस्टॉर्शन हे दोन वेगळे आवाज आहेत. मग प्रत्येक आकडा. नॉब असतील तर त्याची खूण घड्याळाच्या काट्यासारखी लिहा: गेन दोनवर, ट्रेबल दहावर. सगळ्या जगातले पेडलवाले अशीच नोंद ठेवतात. पण एक ध्यानात असू द्या. एका कंपनीचा ५० दुसऱ्या कंपनीच्या ५० शी जुळत नाही. सगळीकडे सारखे असतात ते मिलिसेकंद आणि हर्ट्झ, म्हणून डिले नेहमी मिलिसेकंदात लिहा. साठ हजारांना लयीच्या आकड्याने भागलं की एका मात्रेचा डिले मिळतो. मिनिटाला १२० मात्रा असतील तर ५०० मिलिसेकंद, १४० असतील तर साधारण ४२९. तुम्हाला हे सांगायला नको, पण मिरवणुकीत लय नाक्यानाक्याला चढते, म्हणून नवीन यंत्र घ्याल तेव्हा पायाने लय देता येईल असं, टॅप टेम्पोवालं घ्या.

वहीबरोबर फोनवर दोन रेकॉर्डिंग करा. एक नेहमीच्या आवाजाचं, दुसरं तीच ओळ इफेक्ट सगळे बंद ठेवून. नवीन यंत्रावर आवाज जुळवताना कोरडं रेकॉर्डिंग त्यातून सोडायचं आणि पहिल्याशी ताडून पाहायचं. बेंजो मांडीवर घेऊन एका हाताने नॉब फिरवत बसण्यापेक्षा हे कितीतरी सोपं.

नवीन यंत्रात कॅबिनेटचं सिम्युलेशन (गिटार अँपच्या स्पीकरची नक्कल) चालू ठेवायला विसरू नका. गिटार अँपचा बारा इंची स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडत नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनची करकर तिथे आपोआप गाळली जाते. हातगाडीवरचे भोंगे काहीच गाळत नाहीत. सिम्युलेशन बंद असलं तर बेंजोऐवजी गांधीलमाशांचं पोळं मिरवणुकीत निघेल. बटणांची खटखट डिस्टॉर्शनमध्ये वाढते, त्यावर नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारा) आहेच, पण तो इतका घट्ट करू नका की मींड अर्ध्यात तुटेल.

राहिला देण्याचा प्रश्न. द्या. पण अनंत चतुर्दशीनंतर द्या! सीझनभर तुमची ओळख तुमच्यापाशी राहू दे, ती तुमची रोजीरोटी आहे. नंतर मात्र हात आखडता घेऊ नका. ज्या पेडलवर तुमचा आवाज उभा आहे, ते पेडलच मुळात अशा नकलेतून जन्मलंय. अमेरिकेत नॅशव्हिलला मार्टी रॉबिन्स यांच्या १९६१ मध्ये आलेल्या एका गाण्यात ग्रेडी मार्टिन सहा तारी बेस वाजवत होते. मिक्सरचा एक चॅनल बिघडला आणि बेस फाटक्या आवाजात वाजला. तो तसाच ठेवला. पुढे ध्वनिमुद्रक ग्लेन स्नॉडी यांनी तो बिघाड मुद्दाम घडवणारं सर्किट जोडीदाराबरोबर बनवलं, आणि १९६२ मध्ये ते मायस्ट्रो फझ-टोन या नावाने बाजारात आलं. एका बिघडलेल्या दुपारचा आवाज खोक्यात भरून सगळ्यांना मिळाला. तुमचं सेटिंग घेऊन त्या पोरांना तुमची बोटं मिळणार नाहीत, तुमचा पिकअप नाही, तुमचे भोंगेही नाहीत. त्यांच्याकडे ते थोडं वेगळंच वाजेल. कदाचित त्यातलं काही तुम्हालाच उचलावंसं वाटेल.

प्रश्न: मी पैसे देऊन घेतलेले प्रीसेट एका मित्राला दिले. त्याने ते शंभर जणांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकले आणि वर मलाच कंजूष म्हणतो. चूक कोणाची?
– एक वाचक, पुणे

दोघांची. सुरुवात तुम्ही केलीत.

फुकट हवंच असेल तर राजमार्गाने भरपूर आहे. लाइन सिक्सच्या कस्टमटोन या संकेतस्थळावर लोक आपले प्रीसेट स्वखुशीने ठेवतात. केम्पर या अँपची नक्कल करणाऱ्या यंत्राचे वापरणारे खऱ्या अँपचं प्रोफाइल, म्हणजे छबी, काढून एकमेकांना देतात. स्टीव्हन अ‍ॅटकिन्सन यांचं न्यूरल अँप मॉडेलर तर मुक्त सॉफ्टवेअर आहे, आपल्या अँपमधून ठरावीक आवाज सोडून त्याची छबी तुम्हीही बनवू शकता. मित्राला म्हणावं, शंभर जणांना द्यायची एवढी हौस आहे ना, मग स्वतःचा एक बनव आणि टाक ग्रुपवर. सोबत गिटार कोणती, पिकअप कोणता, अँपवर ऐकलं की हेडफोनवर, एवढं लिहून टाक. दुसऱ्याचा घेऊन बदल केला असेल तर मूळ कोणाचा ते नावासकट लिही.

प्रश्न: सहा पेडल एका अडॅप्टरवर चालवतो. डिजिटल डिले जोडला की किणकिण येते. प्रीसेट बदलून उपयोग होत नाही.
– एक गिटारवादक, मडगाव

प्रीसेटचा संबंधच नाही. डिलेला वेगळा अडॅप्टर द्या. डिजिटल पेडल वीज जास्त ओढतं आणि त्याची गडबड सामायिक वायरीतून शेजाऱ्यांच्या घरात शिरते. जोडण्याआधी पेडलवर छापलेलं चित्र बघा, बहुतेक पेडलना नऊ व्होल्ट आणि प्लगच्या मध्ये ऋण टोक लागतं. उलटा लावून मी एक जाळलंय. तो वास अजून ओळखतो.